जॅकेट घ्यायचंय? आधी ते उलटं करून बघा

जॅकेट हातात आलं की मी पहिली चेन उघडते आणि ते आतून बाहेर काढते. लोगो नंतर. बाहेरची बाजू देखणी करणं फार अवघड नसतं, पण आतल्या शिवणी, अस्तर, खिशाची पिशवी, काखेतला जोड आणि डाव्या कुशीत शिवलेला तो छोटा टॅग, इथे सगळं खरं कळतं. मला ओळखीतले लोक नेहमी विचारतात की कुठला ब्रँड चांगला, मॉन्क्लर घेऊ की नॉर्थ फेस की स्टोन आयलंड, आणि मला दरवेळी आधी हेच विचारावं लागतं की बाबा, तुला ते घालून जायचंय कुठे.

हे मी अंगावर शिकलेय. डोंगरात जायचं म्हणून एकदा मोठ्या हौसेने पिसांचं, म्हणजे डाऊनचं फुगीर जॅकेट घेतलं होतं, नावाजलेल्या ब्रँडचं, हातात घेतलं तर वजनच लागायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बारीक पाऊस लागला, जोराचा नाही, नुसती भुरभुर, पण तीन तास थांबलीच नाही. संध्याकाळपर्यंत खांद्यावरचे कप्पे सपाट झाले होते, आत पिसांचे ओले गोळे बोटांना लागत होते आणि दोन गोळ्यांच्या मधल्या रिकाम्या कापडातून वारा थेट अंगाला झोंबत होता. जॅकेट वाईट नव्हतं, कोरड्या थंडीसाठी ते उत्तमच होतं. मी त्याला चुकीच्या कामाला लावलं होतं.

म्हणून ब्रँडच्या आधी काम ठरवायचं.

थंडी, वारा की पाऊस?

या तिन्हीवर एकच जॅकेट सारखंच भारी पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. थंडी अडवते ती साठवलेली हवा. डाऊन, लोकर, फ्लीस म्हणजे ते मऊ केसाळ कृत्रिम कापड, सिंथेटिक भरण, सगळ्यांचं काम हवा धरून ठेवायचं. वारा अडवायला घट्ट विणीचं कापड लागतं. आणि पाऊस अडवायला एक तर पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन लागतो, नाहीतर मेण नाहीतर कोटिंग. डोंगरातले लोक म्हणूनच थर घालतात, अंगालगत घाम शोषून सुकणारा थर, त्यावर उबेचा, आणि सगळ्यात वर शेल, म्हणजे भरण नसलेलं, नुसतं वारा आणि पाणी अडवणारं कवच. तुम्ही घर ते ऑफिस एवढंच फिरणार असाल तर एवढं करायची गरज नाही, पण तुमचं जॅकेट या तीनपैकी कुठलं काम करतंय ते माहीत असू द्या.

अजून एक, हालचाल किती होणारे? चढ चढताना माणूस घामाने आतून भिजतो आणि मग जॅकेटला नावं ठेवतो की पाणी आत येतंय. बस स्टॉपवर उभं राहणाऱ्याला ऊब पाहिजे, चढणाऱ्याला हवा बाहेर जायला वाट पाहिजे. काखेत चेन असलेलं शेल बघितलंत तर तो नखरा समजू नका, चढावर त्या दोन चेन उघडल्या की जो जीवात जीव येतो तो कुठल्याही महागड्या कापडाने येत नाही.

आतला टॅग कसा वाचायचा

आधी पाऊसवाले शेल. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव गोरटेक्स. १९६९ मध्ये गोर कंपनीचा बॉब गोर तापवलेली पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन जातीच्या प्लॅस्टिकची कांडी, ताणून बघत होता, हळू ताणलं की तुटायची, त्याने जोरात हिसका दिला आणि ती न तुटता कितीतरी पट लांबली. त्यातून जो पडदा तयार झाला त्यात एका चौरस इंचात ९ अब्जांवर छिद्रं असतात असं कंपनी सांगते, पाण्याच्या थेंबापेक्षा खूप लहान पण वाफेच्या कणापेक्षा मोठी. त्यामुळे पाऊस बाहेर राहतो आणि घामाची वाफ निघून जाते. गोरटेक्स स्वतः जॅकेट बनवत नाही, ते पडदा देतात आणि वेगवेगळे ब्रँड त्यावर जॅकेट शिवतात. त्यामुळे नुसता तो काळा टॅग लटकतोय म्हणून दोन जॅकेट सारखी होत नाहीत, शिवण, हुड, चेन, वरचं कापड यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

टॅगवर २, २.५ किंवा ३ लेयर लिहिलेलं असतं. २ लेयरमध्ये आत सुटं अस्तर लोंबतं, शहरासाठी ठीक. २.५ मध्ये आतून नुसता पातळ छपाईसारखा थर, हलकं आणि घडी करून बॅगेत टाकायला मस्त, पण घामात अंगाला चिकटतं. ३ लेयरमध्ये वरचं कापड, पडदा आणि आतलं अस्तर एकमेकांना चिकटवलेलं असतं, महाग असतं, पण वर्षानुवर्षं टिकवायचं असेल तर हेच. मिलिमीटरचा आकडा दिसेल, १०,००० किंवा २०,०००. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही असा त्याचा अर्थ. १०,००० रोजच्या पावसाला पुरतं, पाठीवर जड सॅक असेल किंवा दिवसभर ओल्यात काढायचा असेल तर २०,०००कडे जा, कारण सॅकचा पट्टा कापडावर दाब देतो आणि पाणी पहिलं तिथूनच शिरतं.

आता उलटं करायचं खरं कारण. पाणीरोधक जॅकेटच्या प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असली पाहिजे, कारण सुई गेली तिथे भोक पडलं. काही जॅकेटमध्ये ही पट्टी फक्त खांद्यावर आणि हुडला असते आणि बाकी शिवणी उघड्या. बोट फिरवून बघा, पट्टी पातळ, सारखी आणि कडेला न उचललेली पाहिजे.

डाऊनच्या टॅगवर ६००, ७००, ८०० असा फिल पॉवर असतो. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम पिसं फुलून किती घन इंच जागा व्यापतात त्याचा हा आकडा. आकडा जास्त तर तेवढ्याच उबेला वजन कमी. इथे भले भले फसतात: ८०० आहे म्हणून ते ६००पेक्षा गरम असेलच असं नाही, आत पिसं भरलीत किती ग्रॅम हे पण बघावं लागतं, ८००ची मूठभर पिसं भरलेलं पातळ जॅकेट ६००च्या दाबून भरलेल्या पार्कापुढे, म्हणजे हुडवाल्या लांब जाड कोटापुढे, टिकणार नाही. डाऊन आणि फेदर यांचं प्रमाण पण टॅगवर असतं, ९०/१० म्हणजे नव्वद टक्के मऊ डाऊन आणि दहा टक्के काडीवालं पीस. काडीवालं पीस जास्त असलं की ते कापडातून टोचत बाहेर येतं. पक्ष्यांचे हाल होऊ नयेत याची काळजी असेल, आणि असावीच, तर आरडीएस म्हणजे रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्डचा शिक्का शोधा, जिवंत पक्ष्याची पिसं उपटणं त्यात चालत नाही.

ओल्या हवेत राहता? मग सिंथेटिक भरण घ्या, प्रायमालॉफ्टसारखं. हे मुळात १९८०च्या दशकात अमेरिकन लष्करासाठी डाऊनला पर्याय म्हणून बनवलं गेलं, भिजलं तरी बऱ्यापैकी ऊब देतं. डाऊनएवढं दाबून छोटं होत नाही आणि काही वर्षांत चपटं होत जातं, पण माझ्या त्या भुरभुरीत मला हेच हवं होतं.

आउटडोअर ब्रँड

आर्कटेरिक्स. १९८९ मध्ये कॅनडातल्या नॉर्थ व्हँकुव्हरमध्ये रॉक सॉलिड नावाने सुरू झाला, नंतर नाव बदललं, लोगोत आर्किऑप्टेरिक्स या प्राचीन पक्ष्याचा सांगाडा आहे. यांची नावं कोड्यासारखी वाटतात पण एकदा कळली की खरेदी सोपी होते. अल्फा म्हणजे कठीण चढाई आणि बर्फासाठी, बेटा सर्वसाधारण डोंगरासाठी, अॅटम म्हणजे सिंथेटिक भरणाचं उबदार. पुढची अक्षरं वापर सांगतात, एसव्ही म्हणजे भयंकर हवामान, एआर म्हणजे सगळीकडे चालणारं, एलटी हलकं, एसएल त्याहून हलकं. अल्फा एसव्ही १९९८ मध्ये आलं आणि आजही शेलची तुलना त्याच्याशी होते. पण शहरात पावसातून स्टेशन गाठायला ते घेणाऱ्यांना मी खरंच सांगेन, बेटा एलटी घ्या, जास्त मऊ आहे, जास्त वापरलं जाईल.

पॅटागोनिया मला मनापासून आवडतो. इव्हॉन शुइनार्ड हा स्वतः गिर्यारोहक, आधी चढाईचे लोखंडी खिळे बनवायचा, १९७३ मध्ये पॅटागोनिया काढला. २०११ मध्ये ब्लॅक फ्रायडेला त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आपल्याच जॅकेटचा फोटो टाकून हे जॅकेट विकत घेऊ नका अशी जाहिरात दिली, आणि २०२२ मध्ये शुइनार्ड कुटुंबाने कंपनीची मालकीच एका ट्रस्टला आणि पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. घेणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं काय, तर दुरुस्ती. चेन गेली, कापड फाटलं, तर ते दुरुस्त करून देतात, आणि वॉर्न वेअरमधून वापरलेले कपडे स्वतः विकतात. फ्लीस घ्यायचा असेल तर मी बाकी ब्रँडकडे फारसं बघतच नाही, तो बटणांचा स्नॅप-टी पोरगं शाळेत घालून जाईल आणि आजोबाही घालतील.

नॉर्थ फेस १९६६चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, या एका लोगोखाली दोन-तीन वेगळी दुकानं आहेत. समिट सिरीज ही खऱ्या गिर्यारोहणासाठी, तिचा कपडा आणि शिवण वेगळीच. बाकीचं बरंचसं रोजच्या वापराचं. आणि पर्पल लेबल म्हणजे जपानचं, तिथल्या नानामिका ब्रँडने केलेलं, ते पूर्ण फॅशन. त्यामुळे नॉर्थ फेस चांगला का वाईट या प्रश्नाला काही अर्थच नाही, कुठल्या रांगेतला ते विचारा. नुप्त्से जॅकेट १९९२चं, एव्हरेस्टशेजारच्या शिखराचं नाव दिलेलं, आखूड, चौकोनी, खांद्यावर काळं जाड कापड. ते काळं कापड शोभेला नाहीये, सॅकच्या पट्ट्यांनी खांदा झिजू नये म्हणून आहे.

थोडक्यात आणखी दोन. हेली हॅन्सन १८७७ पासून, नॉर्वेच्या एका जहाजाच्या कॅप्टनने जवसाच्या तेलात भिजवलेल्या कापडाचे रेनकोट करून सुरू केला, समुद्रावर आणि बोटीवर काम करणाऱ्यांनी आधी हाच बघावा. आणि स्वीडनचा फ्यालरेवन, यांचं जी-१००० कापड ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के कॉटन, वरून मेण लावून इस्त्री फिरवायची, पाहिजे तेवढं पाणीरोधक करायचं. जंगलात काट्याकुट्यातून फिरणाऱ्याला, शेकोटीशेजारी बसणाऱ्याला नायलॉनच्या शेलपेक्षा हे बरं, ठिणगी पडली तर नायलॉनला लगेच भोक पडतं.

लक्झरी: पैसे नक्की कशाचे देताय

लक्झरीवाल्यांना सरसकट नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यातल्या बऱ्याच जणांची मुळं कामाच्या कपड्यातच आहेत, आणि ती मुळं जिथे अजून जिवंत आहेत तिथे पैसे वसूल होतात.

बर्बरी बघा. थॉमस बर्बरीने २१व्या वर्षी, १८५६ मध्ये दुकान काढलं आणि १८७९ मध्ये गॅबर्डिन तयार केलं. तोपर्यंत रेनकोट म्हणजे रबर लावलेलं जड कापड, आत घामाने जीव जायचा. त्याने विणल्यानंतर कापडाला लेप देण्याऐवजी विणायच्या आधी सुतालाच पाणीरोधक केलं आणि मग ते घट्ट विणलं, त्यामुळे कापड हलकं राहिलं आणि हवाही जायला लागली. पुढे पहिल्या महायुद्धात अधिकाऱ्यांनी ते खंदकात घातलं म्हणून ट्रेंच कोट. खांद्यावरच्या पट्ट्या, छातीवरची ती जास्तीची झडप, कमरेच्या कड्या, सगळं तेव्हाचं. घेताना आत अस्तराच्या चौकडीकडे बघू नका, ती कुणीही छापतं, खांद्याच्या आणि कॉलरच्या शिवणीकडे बघा. कॉलर उभी केली की गळ्याभोवती स्वतःहून वळली पाहिजे, ताठ फळीसारखी उभी राहता कामा नये.

मॉन्क्लर हे नाव मोनेस्तिए-द-क्लेरमाँ या फ्रान्समधल्या ग्रनोब्लजवळच्या गावावरून, १९५२ साली तंबू आणि स्लीपिंग बॅगपासून सुरुवात. १९५४ मध्ये इटालियन मोहिमेने के२ पहिल्यांदा सर केलं त्यांना यांची जॅकेट होती. नंतर ब्रँड मागे पडला आणि २००३ मध्ये रेमो रुफिनीने विकत घेऊन त्याला चकचकीत शहरी डाऊनचा राजा बनवलं. डाऊन उत्तम दर्जाचं असतं, भरण हाताला सारखं लागतं, हे मी मान्य करते. पण त्याच्या साध्या चकाकणाऱ्या मॉडेलचं वरचं कापड नाजूक असतं, भिंतीला घासलं, दाराच्या कडीला अडकलं तर संपलं. बर्फात खरंच खेळायचं असेल तर त्यांचीच ग्रनोब्ल लाइन बघा, ती त्यासाठी केलेली आहे.

कॅनडा गूज १९५७ मध्ये टोरंटोत सुरू झालं, त्यांचा एक्सपिडिशन पार्का अंटार्क्टिकात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी केलेला. यांची एक पद्धत मला फार उपयोगी वाटते, प्रत्येक जॅकेटला १ ते ५ असा थंडीचा नंबर देतात, ५ म्हणजे उणे ३० आणि त्याखाली. आणि इथेच लोक चूक करतात, सगळ्यात मोठा नंबर घेतात, मग मेट्रोत घामाने भिजतात. तुमच्याकडे पारा शून्याच्या आसपासच राहत असेल तर १ किंवा २ भरपूर झालं. हुडवरची खरी फर त्यांनी बंद केलीय, जुन्या जॅकेटवर ती दिसेल.

लोकरीच्या कोटात माझ्या लेखी मॅक्स मारा. त्यांचा १०१८०१ नंबरचा कोट डिझायनर अॅन-मारी बेरेटाने १९८१ मध्ये केला, लोकर आणि कॅशमिअर, ढगळ खांदे, रुंद बाह्या, आणि तो आजही जवळपास तसाच मिळतो. चाळीसपेक्षा जास्त वर्षं न बदललेला कोट म्हणजे पुढची वीस वर्षं जुना दिसणार नाही याची खात्री. मॅक्स मारा परवडत नसेल तरी लोकरीचा कोट कसा तपासायचा ते कुठेही लागू आहे: टॅगवर लोकर निदान ८० टक्के असावी, कापड मुठीत दहा सेकंद घट्ट आवळून सोडा, चुण्या हळूहळू उलगडल्या तर चांगलं, तशाच राहिल्या तर पॉलिएस्टर नाहीतर हलकी लोकर. मग काखेत आणि खिशाच्या तोंडाशी तळहात जोरात चोळा, लगेच गोळे यायला लागले तर ठेवून द्या.

आणि बार्बर. इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सचा, १८९४चा, खलाशी आणि गोदी कामगारांसाठी मेणाच्या कापडाचे कोट करणारा. बिडेल हे आखूड मॉडेल मार्गारेट बार्बरने १९८० मध्ये केलं, घोडेस्वारीसाठी, म्हणून मागे दोन चिरा आहेत. बाकीच्यांच्या मानाने किंमत खाली आणि आयुष्य पार मुलांपर्यंत. पण मेणाचं जॅकेट सगळ्यांसाठी नाही हे आधीच सांगते, त्याला वास येतो, हाताला किंचित चिकट लागतं, उबदार नसतं, गर्दीच्या गाडीत शेजारच्याला मेण लागू शकतं. ज्याला हे चालतं तो ते जॅकेट सोडत नाही.

स्ट्रीट

स्ट्रीट फॅशनचं जॅकेट म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी कामाचा किंवा युद्धाचा गणवेश. ते कळलं की खरं-खोटं लगेच दिसतं. एमए-१ बॉम्बर घ्या, १९५०च्या दशकात अमेरिकन हवाई दलासाठी. आधीच्या जॅकेटची फरची कॉलर पॅराशूटच्या पट्ट्यात अडकायची म्हणून विणलेली कॉलर आली. आतलं भडक केशरी अस्तर असं की विमान पडलं तर वैमानिकाने जॅकेट उलटं घालायचं, म्हणजे शोधणाऱ्यांना लांबून दिसेल. अल्फा इंडस्ट्रीज हे १९५९ पासून लष्करालाच पुरवायचे, त्यामुळे एमए-१ हवं तर आधी त्यांचं बघा, बाही आणि कमरेची विणलेली पट्टी घट्ट आणि जाड पाहिजे, ती ढिली पडली की जॅकेट गेलं.

शॉटचं परफेक्टो हे लेदर जॅकेट १९२८चं, आयर्विंग शॉटने मोटारसायकलवाल्यांसाठी केलं, नाव त्याच्या आवडत्या सिगारवरून. चेन तिरकी का, तर गाडीवर पुढे वाकल्यावर ती पोटात रुतत नाही आणि एकावर एक आलेला पल्ला वारा आत येऊ देत नाही. लेदर घेताना नुसतं जेन्युइन लेदर लिहिलंय म्हणून भुलू नका, त्यातून फक्त एवढंच कळतं की ते चामडं आहे. फुल ग्रेन शोधा, म्हणजे चामड्याचा सगळ्यात वरचा, न घासलेला थर. कोकराचं मऊ आणि पहिल्या दिवसापासून छान बसतं पण लवकर ओरखडतं, गाईचं जड आणि ताठ, अंगाला बसायला वर्ष घेतं, मग मात्र तुमच्याच कोपराच्या घड्या त्यावर पडतात आणि ते दुसऱ्या कुणाचं होऊच शकत नाही.

कारहार्ट डेट्रॉइटचा, १८८९ पासून रेल्वे कामगारांचे कपडे. इथे पण दोन दुकानं आहेत, मूळ कारहार्ट ढगळ, जाड डक कॅनव्हास, खरंच काम करायला, आणि कारहार्ट वर्क इन प्रोग्रेस ही युरोपात तयार झालेली फॅशनची बाजू, बेताचं बसणारी आणि महाग. ऑनलाइन घेताना हे दोन्ही एकाच नावाने दिसतात आणि साइजचा पार घोटाळा होतो, मूळवाल्यात एक साइज खाली जावं लागतं बऱ्याच जणांना. कॅनव्हास सुरुवातीला पत्र्यासारखा लागेल, तो तसाच असतो, दहा-बारा धुण्यांनंतर मऊ होतो.

स्टोन आयलंडवर मी तासभर बोलू शकते. १९८२ मध्ये मासिमो ओस्ती याने काढला, आणि त्याचं सगळं वेड कापडात आणि रंगात होतं. ट्रकवर टाकायची ताडपत्री असते तसल्या कापडाला दगडांबरोबर धुऊन मऊ करून पहिली जॅकेट केली, पुढे थंडीत रंग बदलणारं आइस जॅकेट आलं. ते आधी पूर्ण जॅकेट शिवतात आणि मग रंगवतात, त्यामुळे शिवणीच्या कडेला, चेनच्या पट्टीला रंग थोडा वेगळा चढतो, एकाच रंगाची दोन जॅकेट शेजारी ठेवलीत तर जुळ्या भावांसारखी दिसतील पण एक नाही. डाव्या बाहीवरचा होकायंत्राचा बिल्ला दोन बटणांनी लावलेला असतो. लोक बिल्ल्यासाठी घेतात, मी म्हणते तो काढून ठेवा आणि बघा, जॅकेट तरीही आवडतंय का? आवडत असेल तर घ्या. ओस्तीचाच सीपी कंपनी, हुडमध्ये चष्म्याच्या काचा बसवलेलं गॉगल जॅकेट १९८८चं, तेही त्याच रक्ताचं आणि बरेचदा थोडं स्वस्त.

सुप्रीम या स्केटबोर्डवाल्या ब्रँडचं आणि नॉर्थ फेसचं एकत्र काम २००७ पासून चालू आहे. अशा कोलॅबमध्ये जॅकेट बहुतेक नॉर्थ फेसचंच असतं, छपाई वेगळी. ते पुन्हा विकायच्या बाजारात कितीतरी पटीने महाग जातं. आवड म्हणून जरूर घ्या, पण ऊब तेवढीच मिळणार.

घालून बघताना

खाली जे घालणार तोच स्वेटर घालून जा. दोन्ही हात वर करा, कंबर उघडी पडली तर एक साइज वर किंवा दुसरा कट. स्वतःला मिठी मारा, पाठीत ताण आला तर नको. बाही अंगठ्याच्या मुळाशी यावी. हुड घालून मान डावी-उजवीकडे फिरवा, हुड बरोबर फिरला पाहिजे, नाहीतर रस्ता ओलांडताना तुम्हाला फक्त अस्तर दिसेल. लेदर आणि लोकरीच्या कोटात खांदा सगळ्यात महत्त्वाचा, बाही आखूड करता येते, खांदा शिंप्याकडूनही धड होत नाही. चेन पाच वेळा एका हाताने वर-खाली करा, वायकेके या जपानी चेन कंपनीचं नाव लिहिलेली असली तर बरं, पण अडकत असेल तर कुठलीही असो.

सेकंडहँड आणि नकली

सेकंडहँडमध्ये खरंच सोनं सापडतं, मी तर आधी तिथेच बघते. मात्र पाणीरोधक शेल जपून. पॉलियुरेथेनचं कोटिंग असेल तर बंद कपाटात, दमट हवेत पडून पडून ते आतून चिकट होतं, सोलतं, आणि ते दुरुस्त होत नाही. विकणाऱ्याकडून आतल्या बाजूचे फोटो मागा, मानेचा आणि खांद्याचा भाग जवळून. देत नसेल तर सोडा. डाऊनमध्ये जॅकेट दाबून सोडा, अर्ध्या मिनिटात फुललं पाहिजे. मेणाचं आणि लेदरचं जुनं जॅकेट मात्र डोळे झाकून, फक्त अस्तर आणि काखा बघून.

नकली माल सगळ्यात जास्त मॉन्क्लर, कॅनडा गूज आणि स्टोन आयलंडचा. मॉन्क्लरच्या आत कोड असतो, तो त्यांच्या साइटवर तपासता येतो, स्टोन आयलंडला सर्टिलोगो या अस्सलपणा तपासणाऱ्या सेवेचा कोड असतो, कॅनडा गूजच्या आत ध्रुवीय अस्वलाचा होलोग्राम असतो. पण कोडचीही नक्कल होते, म्हणून पुन्हा तेच, उलटं करा. खऱ्या जॅकेटच्या खिशाच्या आतलीही शिवण सरळ असते, धाग्यांची टोकं लोंबत नाहीत, भरतकामाच्या मागची बाजू नीट असते. नकली करणारा दिसणाऱ्या जागी मेहनत घेतो, खिशाच्या तळाशी नाही.

आणलंत की सांभाळायचं कसं

शेल न धुणं ही सगळ्यात मोठी चूक. वरच्या कापडावर पाणी घरंगळून जाईल असा एक लेप असतो, घाम-धूळ बसली की तो झोपतो, कापड पाणी पितं आणि वाफ बाहेर जायची थांबते. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये २०२५ पासून कपड्यांत पीएफएएस, म्हणजे अशा जुन्या लेपांत असणाऱ्या रसायनांवर बंदी आली, बहुतेक मोठे ब्रँड नव्या लेपाकडे वळलेत, आणि हे नवे लेप तेलकट डागांपुढे लवकर हार मानतात, म्हणजे आता जास्त वेळा धुवा. सगळ्या चेन लावून, कोमट पाण्यात, टेक वॉशसारख्या खास साबणाने, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. मग टॅग परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये कमी आचेवर वीस मिनिटं, उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तरीही पाणी पीत असेल तर नवा स्प्रे मारा.

डाऊन वर्षातून एकदा धुतलं तरी बास. समोरून उघडणारं मशीन, सौम्य साबण, दोनदा खळबळून, आणि ड्रायरमध्ये दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाकून कमी आचेवर कित्येक तास. बाहेरून कोरडं वाटतं तेव्हा आत गोळे ओलेच असतात, थांबवू नका, नाहीतर कुबट वास कायमचा बसतो. ठेवताना कधीही दाबून पिशवीत नाही, मोकळं टांगायचं.

मेणाचं जॅकेट मशीनमध्ये टाकलंत तर गेलंच, मेण निघून जातं. गार पाणी आणि स्पंज, बस. वर्षातून एकदा पुन्हा मेण लावायचं आणि हे काम मला इतकं आवडतं की त्यासाठी मी एक दुपार राखून ठेवते. मेणाचा डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचा, तेलासारखं पातळ होईपर्यंत. टेबलावर जुनी वर्तमानपत्रं. जुना मऊ कपडा त्यात बुडवून छोट्या छोट्या गोलांत कापडावर घासायचं, शिवणींवर जास्त, कोपर आणि खांद्यावर जास्त, कॉर्डरॉयच्या कॉलरला आणि खिशांच्या आत अजिबात नाही. फिकट पडलेला हिरवा रंग बोटाखाली गडद होत जातो, कुठे राहिलंय ते लगेच दिसतं. मग हेअर ड्रायर फिरवायचा, पांढरट रेघा वितळून कापडात मुरतात. उबदार खोलीत रात्रभर टांगा, दुसऱ्या कपड्यांना लागणार नाही असं, आणि पहिले दोन-तीन दिवस ते घालून कुणाच्याही गाडीच्या सीटवर किंवा फिकट सोफ्यावर टेकू नका.